होडेकर सरांची झडप

आमच्या आळीतल्या होडेकर सरांची बायको मस्कतला नोकरीला होती, घरात मूलबाळ नव्हतं, आणि सर दर महिन्याला बाजारातल्या मेडिकलमधून लहान मुलांचे डायपर आणत असत.

एवढं वाचून तुमच्या मनात जे आलं तेच अख्ख्या रत्नागिरीच्या मनात आलं होतं, तेव्हा ओशाळायचं कारण नाही. ही गोष्ट दोन हजार सालच्या आसपासची. त्या वेळी डायपर ही मुंबईहून बाळंतपणाला आलेल्या मुलींची चैन होती. इथल्या पोरांचं जुन्या लुगड्याच्या दुपट्यांवर भागत होतं. अशा गावात पन्नाशीला टेकलेला, सहा फूट उंचीचा, कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारा माणूस दुकानात जाऊन "साइज कुठलाही चालेल, शोषणारा चांगला पाहिजे" असं सांगतो, तेव्हा दुकानदाराने तरी काय समजावं? त्याने हसून अभिनंदन केलं. सर "आभारी आहे" म्हणाले आणि पुडकं काखेत मारून निघाले. संध्याकाळपर्यंत होडेकर सरांचं दुसरं लग्न झालेलं होतं, रात्रीपर्यंत त्यांना मुलगा झाला होता, आणि दुसऱ्या दिवशी मच्छी मार्केटात तो मुलगा कोणाच्या वळणावर गेलाय यावरून दोन तट पडले होते.

मी त्यांची शेजारीण, शिवाय त्याच कॉलेजात इतिहास शिकवणारी. भाभी परदेशी असताना चौकशी करणं माझं कर्तव्यच होतं, आणि कर्तव्यात मी कधी कसूर करत नाही. गेले तर सर पडवीत पेपर पसरून बसले होते. कात्रीने डायपर कराकरा कापत होते आणि आतला कापूस पेपरवर झटकत होते. कापसातून साखरेसारखे बारीक पांढरे दाणे पडत होते.

"या बाई," सर म्हणाले. "गंमत बघा."

त्यांनी चमचाभर दाणे पेल्यात टाकले, वर पाणी ओतलं आणि हाताची घडी घालून बसले. थोड्या वेळाने पेला उचलला आणि माझ्या मांडीवर उपडा धरला. मी किंचाळले. पेल्यातून थेंबही पडला नाही. आत पाणी नव्हतंच. खरवसासारखा थलथलीत गोळा होता.

हा प्रयोग त्यांनी पुढे स्टाफरूममध्ये प्रिन्सिपॉलांच्या डोक्यावर केला. केला म्हणजे, प्रिन्सिपॉल खुर्चीत बसून सही करत होते, सर मागून आले आणि पेला उपडा केला. प्रिन्सिपॉल वर बघून म्हणाले, "होडेकर, हे सिलॅबसमध्ये आहे का?" सर म्हणाले, नाही. "मग चालू द्या," असं म्हणून प्रिन्सिपॉलांनी सही पुरी केली. कॉलेजात सरांच्या वाटेला कोणी जात नसे याचं कारण भीती नव्हे. त्यांच्या हातून बाहेर पडलेली पोरं कुठे कुठे पोचली होती ते सगळ्यांना ठाऊक होतं.

अशाच अमेरिकेत पोचलेल्या एका विद्यार्थ्याने त्यांना एका शोधनिबंधाची झेरॉक्स पाठवली होती. तिथल्या लोकांनी काचेच्या तुकड्यावर केसाएवढ्या बारीक वाटा कोरल्या होत्या, आणि त्यातून पाणी, औषध, रक्ताचा थेंब असं काहीबाही फिरवत होते. मोठ्या प्रयोगशाळेचं काम नखाएवढ्या काचेवर. आता त्या वाटा उघडायच्या-मिटायच्या कशा? तिथे त्यांनी डायपरमधल्या दाण्यासारख्याच फुगणाऱ्या जेलचा ठिपका बसवला होता. पाण्याचा आंबटपणा बदलला की ठिपका फुगायचा आणि वाट बंद व्हायची; परत बदलला की आकसायचा आणि वाट उघडायची.

सरांनी मला हे समजावलं ते पोफळीच्या आगरातलं उदाहरण देऊन. आगरात शिपणं करताना पाट सोडतात, आणि एक माणूस फावडं घेऊन उभा असतो. एक आळं भरलं की तो माती ओढून वाट बंद करतो, दुसरी फोडतो. "आता तो माणूस काढून टाका," सर म्हणाले. "फावडं काढून टाका. बांधालाच कळलं पाहिजे, आळं भरलं की नाही ते. वीज नको, मोटर नको, माणूस नको. बांधाचं बांधाला कळतं!"

हे शेवटचं वाक्य म्हणजे सरांचा मंत्र. ज्याचं त्याला कळतं. त्यांच्या तोंडून हे दिवसातून किती वेळा यायचं त्याची मोजदाद करायला मी बसले नाही, पण आमच्या आळीतल्या पोपटाला ते पाठ झालं होतं.

अमेरिकेत वाट केसाएवढी होती. रत्नागिरीत ती सुतळीएवढी झाली, कारण सरांनी ती मोटारींच्या नंबरप्लेटी बनवणाऱ्याकडून अॅक्रिलिकच्या पट्टीवर कोरून घेतली. मध्ये एक खाच, खाचेत डायपरमधला एक दाणा, वरून दुसरी पट्टी. साधं पाणी सोडलं की दाणा फुगून वाट बंद. मग आमसुलाचं आंबट पाणी सोडलं की दाणा आकसून वाट मोकळी, आणि लालबुंद थेंब पलीकडे वाटीत. याला ते झडप म्हणत.

सांगायला चार वाक्यं लागली, पण झडप जमायला सरांना दोन पावसाळे लागले. पहिल्या पावसाळ्यात तर डब्यातले दाणे हवेतलाच ओलावा पिऊन ढेकूळ होऊन बसले. आमच्याकडे जुलैत मीठ, साखर आणि माणसं सगळीच पाझरतात, त्यात हे दाणे जन्माचे तहानलेले. सरांनी ते तांदळाच्या डब्यात पुरून ठेवले, मग विसरून त्याच तांदळाचा भात लावला. भात शिजून पातेल्याचं झाकण उचलून वर आला, आणि सरांनी तो टाकून न देता आधी मोजपट्टी लावली. असा माणूस. मला हसू यायचं, पण खरं सांगायचं तर मनातून हेवाही वाटायचा. मी पंचवीस वर्षं इतिहास शिकवला, पण एखाद्या गोष्टीच्या मागे असं भान हरपून मी कधी गेले नाही.

मोठा दाणा का नको, असं मी एकदा विचारलं. सर म्हणाले, मोठ्याला उशिरा कळतं. आकार दुप्पट तर वेळ चौपट. पाणी आतपर्यंत मुरायला हवं ना! बारीक दाण्याला पटकन कळतं, मोठा गोळा तासन्‌तास तसाच. हे सांगणारा गृहस्थ दारातून आत येताना मान वाकवून यायचा, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही.

जेलला कोणी सांगावं लागत नाही, हे सरांना इतकं आवडलं होतं की जगातल्या कुठल्याच गोष्टीला सांगावं लागू नये असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. वर्गात ते हजेरी घेत नसत. ज्याला यायचं त्याचं त्याला कळतं. आणि वर्ग असा भरायचा की खिडकीत पोरं. मच्छी मार्केटात ते भाव विचारत नसत, घासाघीस तर लांबच. पाटीसमोर जाऊन उभे राहत. गप्प. थोड्या वेळाने त्या सहा फुटी शांततेने मच्छीवालीचाच धीर सुटायचा आणि ती आपणहून भाव उतरवायची. "तिचं तिला कळलं," सर आम्हाला सांगत, बांगड्याची पिशवी हलवत. आमच्या घरी यायचं तर फाटकाची कडी वाजवत नसत, हाक मारत नसत. फाटकाबाहेर उभे. कोणाच्या तरी लक्षात येईपर्यंत उभे. आमचे हे एकदा अंधुक पहाटे दूध आणायला निघाले आणि फाटकाशी ती आकृती बघून उलट्या पावली घरात आले.

आणि दर शुक्रवारी ते आमच्याकडे यायचेच, कारण भाभींचा फोन आमच्याकडे येत असे. सरांनी स्वतःच्या घरी फोन घेतला नव्हता. फोन वेळ-अवेळ न बघता वाजतो, त्याला काही कळत नाही, अशी त्यांची तक्रार.

रुकसानाभाभी नर्स. आधी इथल्याच एका खाजगी दवाखान्यात होत्या, मग मस्कतला मोठ्या इस्पितळात लागल्या. आमच्या आळीत घरटी एक माणूस आखातात, पण सगळीकडे नवरा तिकडे आणि बायको इकडे. होडेकरांच्यात तेवढं उलटं. त्यामुळे आखातवाल्यांच्या बायका जमल्या की सरांना त्यांच्यातलेच समजून सल्ले देत. पहिलं वर्ष जड जातं, मग सवय होते. आलेलं अत्तर लगेच वापरायचं, साठवलं की उडतं. सर मान डोलावून ऐकून घेत. भाभींनी पाठवलेली जाडजूड ब्लँकेटं त्यांच्या कपाटात रचलेली होती. रत्नागिरीच्या उकाड्यात ती पांघरण्याची वेळ काही येत नव्हती.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून सर फाटकाशी येऊन उभे राहत, मी त्यांना आत घेई, आणि फोन वाजे. फोन आमच्या माजघरात, मी शेजारच्या स्वयंपाकघरात, आणि मधल्या दाराला नुसता पडदा. मी कान देत नसे. कानावर पडत असे, हा फरक आहे. भाभी तिकडून विचारत असाव्यात, जेवलात का. सर सांगायचे, "फुगला." त्या तब्येत विचारत असाव्यात. हे म्हणायचे, "आता आकसतो पण सावकाश." परदेशी फोनची मिनिटं उडत असायची, आणि हे दाण्याचा व्यास सांगत असायचे. मग भाभी काहीतरी विचारायच्या, सर जरा थांबायचे आणि म्हणायचे, "तुझा तुला कळंल तसा कर." बस. फोन खाली.

भाभी काय विचारत असतील ते मला माहीत होतं. एका शुक्रवारी सरांना यायला उशीर झाला आणि फोन मीच घेतला, तेव्हा त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांचा करार जूनअखेर संपत होता. इस्पितळ पुढची तीन वर्षं सही करा म्हणत होतं, वॉर्डाची मुख्य जागा देत होतं.

"ताई, त्यांनी एकदा ये म्हटलं ना, तर मी त्याच दिवशी बॅग भरीन," भाभी म्हणाल्या. "पन त्यांनी म्हणायला हवा. दर खेपेला मीच विचारते, काय करू. ते म्हणतात, तुझा तुला कळंल. मग मना काय कळतं सांगू? मी नसले तरी त्यांचा चालतंय, हा कळतं."

मी म्हटलं, मी सांगते त्यांना. तर त्यांनी शपथ घातली. तुम्ही सांगितलंत तर तो शब्द तुमचा होईल, त्यांचा नाही. बाईमाणसाच्या पोटात असलं काही ठेवायचं म्हणजे काय त्रास होतो ते मी तेव्हा भोगलं. मी आडून आडून प्रयत्न केले. घर कसं ओकंबोकं वाटतं नाही, असं म्हणून पाहिलं. सर म्हणाले, चुना काढायला हवा. शेवटी एकदा न राहवून विचारलं, भाभी परत आल्या तर तुम्हाला बरं वाटेल ना? सर पट्टी पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "तिचं तिला कळायला हवं, बाई. बाहेरून कोणी फिरवला की उघडतो तो नळ. झडप वेगळी."

तुमच्या झडपेला आग लागो, असं मी मनात म्हटलं.

मे महिन्यात भाभी सुट्टीवर आल्या. आल्या आल्या त्यांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. सुरमईचं कालवण होतं, तांदळाची भाकरी होती. भाभींच्या हाताची आळीत ख्याती. पहिला घास घेतला आणि मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी सरांकडे पाहिलं. कालवण खारट होतं. थोडंथोडकं नव्हे, चांगलं खारट. जो तो पाणी पीत राहिला. भाभींनी स्वतः घास घेतला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. सर म्हणाले, चांगलं झालंय, आणि दोनदा वाढून घेतलं. मी हात धुवायला आत गेले तर भाभी पातेल्याकडे बघत उभ्या होत्या. "मीठ नेहमीसारखाच टाकला होता, ताई," त्या हळूच म्हणाल्या. "घराची सवय गेली हाताची." मला फार वाईट वाटलं. सही करण्याकडे त्यांचं पारडं आणखी एका बोटाने झुकलं, हे मला दिसत होतं.

त्यानंतरच्या रविवारी सरांनी झडप दाखवायचं ठरवलं. भाभींना फोनवर ऐकवलेली गोष्ट प्रत्यक्ष दाखवायची होती. त्यांनी कोणाला बोलावलं नव्हतं, अर्थातच. पण आळीचं आळीला कळलं. आम्ही होतो, कॉलेजातले दोघे-तिघे होते, आखातवाल्यांच्या बायका होत्या, आणि आपले डायपर जातात तरी कुठे ते बघायला मेडिकलवालाही दुकान भावावर सोपवून आला होता. सरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. पडवीतल्या टेबलावर पट्टी मांडली, वरच्या बाटलीतून साधं पाणी सोडलं आणि हाताची घडी घातली.

पाणी वाटेतून आलं आणि पलीकडच्या वाटीत पडू लागलं. आता दाणा फुगेल, मग थेंब थांबतील, असं सर सांगत होते. थेंब थांबले नाहीत. आम्ही बघत होतो, वाटी भरत होती. सरांनी दाणा बदलला. पुन्हा तेच. दुसऱ्या डब्यातला घेतला, तरी थेंब चालूच. मेडिकलवाला म्हणाला, "माल ताजा आहे हां, सर." सरांनी तिसऱ्यांदा पट्टी उघडली आणि दाणा चिमटीत धरून उजेडात बघितला. थंडीत शंभरदा चाललेली झडप आज बायकोसमोर चालत नव्हती. मग ते खुर्चीवर बसले.

भाभी पुढे झाल्या. वाटीत बोट बुडवून त्यांनी ते जिभेला लावलं.

"पानी खयचा हाय?"

"विहिरीचं. रोजचंच," सर म्हणाले.

"मचूळ हाय."

सर म्हणाले, छे. त्यांनी चाखलं, काही नाही. मी चाखलं, साधं पाणी. वाटी पडवीभर फिरली. सगळ्यांनी तीर्थ घेतल्यासारखं घेतलं, सगळ्यांनी मान हलवली. विहीर आमची आणि त्यांची सामाईक, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. मे महिन्यात तिला खाडीचं खारं पाणी लागतं हे आम्हा सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक. पण लागतं ते रोज कणाकणाने, आणि नळाला दिवसाआड पाणी म्हणून आम्ही पीत होतो तेच. भाभी तेवढ्या मस्कतच्या सवयीने आल्यापासून बाटलीचं पाणी पीत होत्या.

"मग परवाचा कालवण?" भाभींचा आवाज चढला. "माझा हात चुकला नव्हता. पानीच खारा होता. तुमी सगळ्या मीठ कमी टाकता!"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मीही आठवून पाहिलं. होळीपर्यंत आमटीला मी जेवढं मीठ घालते त्याच्या निम्मंच आता घालत होते, आणि हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. हाताला माहीत होतं, डोक्याला नव्हतं. सर रोज स्वतःचा स्वयंपाक करायचे. त्यांचाही हात तसाच आखडता झाला असणार. चिमूट लहान होत गेली आणि जिभेला पत्ताच लागला नाही.

"आणि खाऱ्या पाण्यात हा फुगत नाही," सर उठून उभे राहत म्हणाले. "दाणा बरोबर होता. मी चुकलो."

लोणच्याच्या कैऱ्या धुवायला म्हणून मी आदल्या दिवशी नळाचं पाणी कळशीत धरून ठेवलं होतं, ते आणलं. नवा दाणा घातला, पाणी सोडलं. थेंब पडले, मग थांबत थांबत पडले, मग एक थेंब टोकाशी लोंबत राहिला आणि पडेचना. वाट बंद झाली होती. सरांनी आमसुलाचं पाणी सोडलं. आधी काहीच नाही. मग पट्टीतून लाल रेघ सरकत पुढे आली आणि वाटीत पहिला थेंब पडला. कोणाचा हात लागला नव्हता. टाळ्या वाजल्या. मेडिकलवाल्याने नगरपालिकेच्या टाकीला ही बसवता येईल का, असं विचारलं. भाभींचे डोळे चमकत होते. मला वाटलं, झालं, आता सर बोलतील.

सर बोलले ते दुसऱ्या दिवशी, माझ्याशी, विहिरीच्या काठावर. पोहरा हातात घेऊन ते बराच वेळ पाण्याकडे बघत होते. "दाण्याला पहिल्या थेंबाला कळलं," ते म्हणाले. "रुकसानाला पहिल्या घासाला. मी रोज पितोय, बाई, आणि मला काही नाही. असं आणखी काय काय अंगवळणी पडलं असेल?"

मी म्हटलं, हे तुम्ही मला का विचारता? आत जाऊन विचारा. ते हसले, आणि पोहरा सोडला.

भाभींची सुट्टी संपली. आम्ही स्टेशनवर सोडायला गेलो. सरांनी बॅग उचलली, खिडकीपाशी उभे राहिले, आणि गाडी सुटेपर्यंत आंबटपणा आणि खारटपणा यांत दाण्याला कशाचं जास्त कळतं ते सांगत राहिले. गाडी हलली तेव्हा म्हणाले, "जपून जा." भाभींनी मान डोलावली आणि माझ्याकडे पाहिलं. शुक्रवारच्या फोननंतर त्या इस्पितळाला उत्तर देणार होत्या. घरी येईपर्यंत मी सरांशी एक शब्द बोलले नाही.

शुक्रवारी ते फाटकाशी आले. मी मुद्दामच बाहेर बघितलं नाही. थोड्या वेळाने कडी वाजली. इतक्या वर्षांत त्यांनी ती पहिल्यांदा वाजवली होती. आत येऊन फोनशेजारी बसले. हातात पट्टी नव्हती, खिशात दाण्यांची डबी नव्हती. मला राहवलं नाही. शपथेला बाध येऊ न देता मी एवढंच विचारलं, भाभींना ये म्हणायला तुमच्या जिवावर का येतं?

"ती येईल म्हणून," सर म्हणाले. "मी म्हटलं तर ती येईल हो, बाई. ती तिथे अख्खा वॉर्ड सांभाळते. डॉक्टर तिला विचारून करतात. माझ्या एका शब्दाने ते सगळं सोडून इथे येऊन बसेल, आणि कधी बोलून दाखवणार नाही. म्हणून म्हणत नाही. तिला यावंसं वाटलं तर ती येईल, असं धरून बसलो."

"आणि तुम्हाला?" मी म्हटलं. "तुम्हाला काय वाटतं?"

या प्रश्नावर त्या माणसाने माझ्याकडे असं बघितलं की मला पदर तोंडाशी न्यावासा वाटला. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्यांना पेल्याबद्दल विचारलं होतं, दाण्याबद्दल विचारलं होतं. हे कोणी विचारलंच नव्हतं.

फोन वाजला. सरांनी उचलला. नेहमीसारखं तिकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, पण या वेळी ते ऐकायला थांबले नाहीत.

"रुकसाना, घरा ये," ते म्हणाले. "तुझा काम मोठा हाय, मना माहीत हाय. पन मना एकट्याला करमत नाय. कधीच करमत नव्हता."

मी स्वयंपाकघरात हातात पळी घेऊन उभी होते. सरांनी रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानाला नेला. मग ते जरा गडबडून म्हणाले, "मीच. मीच बोलतंय. नझीर." भाभींनी कोण बोलतंय म्हणून विचारलं होतं.

त्यानंतर बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले, आणि मग फोन कटला. सर पडदा सारून स्वयंपाकघराच्या दाराशी आले. चेहरा पार गोंधळलेला.

"ती रडत होती, बाई. बोलता बोलता लाइन गेली. अशा वेळी काय करायचं असतं?"

मी म्हटलं, अशा वेळी आपण फोन लावायचा असतो. आमच्या फोनवरून परदेशी लागत नाही, नाक्यावरच्या बूथवरून लागतो.

नंबर त्यांना पाठ नव्हता. लावायची वेळच कधी आली नव्हती, फोन नेहमी तिकडूनच यायचा. मी तो कॅलेंडरच्या मागून उतरवून दिला. सरांनी कागद घेतला, दाराशी मान वाकवायला विसरले, कपाळ चौकटीला आपटलं, आणि तसंच कपाळ चोळत भर उन्हात, चपला न घालताच, ते लांब लांब टांगा टाकत नाक्याच्या दिशेने निघाले.